हजार फुटांखाली

मी बुटाची नाडी बांधत होतो आणि बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "संध्याकाळी लवकर ये. बोलायचंय." एवढंच. पुढे काही नाही, मागे काही नाही. भांडं विसळल्याचा आवाज आला, नळ बंद झाल्याचा आवाज आला, आणि मी डाव्या बुटाची नाडी हातात धरून दाराजवळच्या स्टुलावर तसाच बसून राहिलो. आता एखाद्या धडधाकट माणसाने काय केलं असतं? 'काय बोलायचंय?' असं विचारलं असतं. दोन शब्द. जीभ काही झिजली नसती. मी ते विचारले नाहीत. मी हात वर केला. तळवा पुढे, बोटं जुळलेली, म्हणजे थांब, आत्ता नको. तिला तो हात दिसतही नव्हता, मध्ये भिंत होती. पण गेली एकोणतीस वर्षं अवेळी काही कानावर पडलं की हा हात आपोआप वर जातो, त्यात माझं कर्तृत्व असं काही नाही. मग मी नाडी बांधली, किल्ल्या घेतल्या आणि निघालो. तीन पायऱ्या उतरल्यावर लक्षात आलं की 'बोलायचंय' हा साधासुधा शब्द नाही. 'दूध आण' म्हणायचं असलं तर माणूस 'दूध आण' म्हणतो.

हा हात काय प्रकार आहे ते सांगून टाकतो, नाहीतर तुम्हाला वाटायचं मी मारकुटा आहे. मी छोटी विमानं उडवायला शिकवतो. चार सीटची, एका इंजिनाची, ज्यांची दारं मोटारीच्या दारांपेक्षा पातळ असतात आणि दोनदा आपटल्याशिवाय लागत नाहीत, ती. आमच्या धंद्यात एक नियम आहे, आणि तो मी देवासारखा मानतो. जमिनीपासून हजार फुटांच्या आत, चढताना असो की उतरताना, कामाशिवाय एक अक्षर बोलायचं नाही. कारण छोटी विमानं मोठ्या कारणांनी पडत नाहीत. कुणाच्या मांडीवरून नकाशा घसरतो, कुणाच्या खिशात फोन थरथरतो, कुणी मेव्हण्याला वरून स्वतःचं घर दाखवायला जातो, ते बघ ते, निळ्या टाकीवालं, आणि तेवढ्यात व्हायचं ते होऊन जातं. अशी सतरा प्रकरणं मला तारीखवार पाठ आहेत. मी ती जेवणाच्या टेबलावर सांगतो, त्यामुळे नातेवाइकांत माझ्या शेजारची खुर्ची नेहमी रिकामी असते. तर हात वर म्हणजे हजार फुटांखाली आहोत, तोंड बंद. विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी शिकवतो तो हा हात. आणि दहाव्या तासाला शिकवतो ती पेन्सिल. विद्यार्थी विमान उतरवायला लागला, जमीन वर यायला लागली, त्याच्या कानशिलावर घाम दिसला, की मी माझी पेन्सिल खाली पाडतो आणि अगदी गरीब चेहरा करून म्हणतो, अरे, पेन्सिल पडली, जरा देतोस का? जो वाकला तो मेला. म्हणजे मी असतो शेजारी, मरू देत नाही. पण त्या दिवशी त्याची बिनपाण्याने होते. जो समोर बघत 'उतरल्यावर देतो' म्हणतो तो पास. क्लबात माझ्या पाठीमागे मला पेन्सिल म्हणतात. मला माहीत आहे हे त्यांना माहीत नाही.

आणि नेमकी आज माझीच परीक्षा होती. शिकवण्याचं लायसन ठेवायचं तर वर्षातून एकदा परीक्षकाला शेजारी बसवून उडून दाखवावं लागतं. एरवी मी या परीक्षेला दाढीइतकंच महत्त्व देतो. पण या वर्षी मी अठ्ठावन्नचा होतो, आणि आमच्या मॅनेजरने एक तरतरीत शिक्षक हेरून ठेवला होता, जो विद्यार्थ्यांशी हसून बोलायचा. नापास झालो तर पुन्हा पास होईपर्यंत शिकवणं बंद. पुन्हा नापास झालो तर कायमचं बंद, आणि मग मी करणार काय? मला दुसरं काहीही येत नाही. मी गाडी चालवत होतो आणि समोर सिग्नल लाल होता की हिरवा हे मागच्या माणसाने हॉर्न वाजवून सांगितलं. बोलायचंय. काय बोलायचं असेल? मी कामाचा माणूस, मी यादी केली. एक, तब्येत. गेल्या महिन्यात ती कसलीशी तपासणी करून आली होती, कसली ते मी विचारलं होतं की नव्हतं ते आठवेना. दोन, मुलगी. मुलगी दूर असते, दातांची डॉक्टर आहे, तिच्या संसारात काही बिनसलं असेल तर ते मला शेवटी कळणार, कारण ती फोन करते तेव्हा मला म्हणते, बाबा कसा आहेस, बरा, आईला दे. मग दाराआड दोघी तासभर बोलतात. चार वर्षांची असताना हीच मुलगी, आई घास भरवायला आली की तळवा पुढे करायची. आम्ही दोघं हसलो होतो तेव्हा. म्हणजे मी हसलो होतो, बायको हसली होती का ते आता नीट आठवत नाही. तीन, न्हाणीघराच्या भिंतीतली ओल. हे कारण मला मनापासून आवडलं, पण ओलीबद्दल कुणी लवकर ये म्हणत नाही. चार, ती सोडून चालली. यावर मी गाडी एकदम डावीकडे घेतली, कारण तिथेच वळायचं होतं.

आणि मग तो बाइंडर. बायको ग्रंथपाल आहे. तिच्या ग्रंथालयात फाटकी पुस्तकं शिवायला एक माणूस येतो. गेल्या महिन्यात या माणसाचा उल्लेख आमच्या घरात तीनदा झाला. बाइंडरने असं केलं, बाइंडर म्हणजे कमाल आहे, आज बाइंडर आला नाही तर दिवस जाता जाईना. मी एकदाच त्याला पाहिलंय, फाटकाशी. उंच, डोक्यावर दाट केस. पांढरे, पण दाट. मी आरशात माझं टक्कल पाहिलं आणि बायकोच्या वयाला असं काही होतं का याचा विचार करू लागलो. का नाही होणार? माझ्या धंद्यात मी हेच शिकवतो, की आपल्याला काही होत नाही असं ज्याला वाटतं त्यालाच होतं. आमच्या लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, आणि हजार फुटांचा नियम मी घरात कधी आणला ते मलाही सांगता यायचं नाही. आधी गाडी मागे घेताना होता. मग बातम्या चालू असताना. मग कागदपत्रं भरताना, खिळा ठोकताना, जेवताना, आणि मग कधीतरी असं झालं की घरात शिरल्यापासून घराबाहेर पडेपर्यंत मी हजार फुटांखालीच असायचो. तिने किती वाक्यं अर्धी सोडली असतील याचा हिशेब मी ठेवला नाही. ती भांडली असती तर लक्षात राहिलं असतं, पण ती भांडायची नाही, नुसती थांबायची, आणि थोड्या वेळाने दुसऱ्या खोलीत जायची. मला वाटायचं, किती समजूतदार आहे.

धावपट्टीवर ऊन स्वच्छ होतं, वारा नव्हता, अशा दिवशी नापास व्हायला खास अक्कल लागते. मी विमानाची पाहणी सुरू केली. उडण्याआधी विमानाभोवती एक फेरी मारायची असते, डाव्या दारापासून डाव्या दारापर्यंत, यादी हातात धरून: तेल किती, पेट्रोलमध्ये पाणी तर नाही, पंखाच्या बिजागऱ्या घट्ट आहेत का, चाकात हवा आहे का. यातही नियम आहे. मध्ये कुणी बोललं, फोन आला, लक्ष उडालं, की जिथे थांबलात तिथून पुढे जायचं नाही. पहिल्या ओळीपासून पुन्हा. कारण माणसाला नेहमी वाटतं आपण थांबलो होतो त्याच्या एक पाऊल पुढेच. हा नियम मी इतका कडक पाळतो की एकदा शिंक आली म्हणून पहिल्यापासून सुरुवात केली होती. तर मी डाव्या दारापासून निघालो, उजव्या पंखाच्या टोकापर्यंत आलो आणि लक्षात आलं की मी पंखाकडे बघत नाहीये, बाइंडरच्या केसांकडे बघतोय. पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या वेळी तेलाची कांडी बाहेर काढली, पुसली, आणि तपासणी कसली होती बरं, रक्ताची की छातीची, असं आठवत उभा राहिलो, कांडी हातात. पुन्हा पहिल्यापासून. आमचा मिस्त्री एका उपड्या ड्रमवर बसून चहा पीत होता. तिसऱ्यांदा मी डाव्या दाराशी आलो तेव्हा तो म्हणाला, साहेब, विमान तेच आहे, मघाचंच. मी हात वर केला. तो म्हणाला, आता चौथ्यांदा जाल ना? आणि नियमाप्रमाणे मला जावं लागलं.

परीक्षक बाई आल्या, आणि इथे आणखी एक पंचाईत. त्या माझ्याच विद्यार्थिनी. चौदा वर्षांपूर्वी त्यांना मी 'अगं' म्हणत होतो, आता 'मॅडम' म्हणायला हवं, आणि माझ्या तोंडून 'अगं मॅडम' असं काहीतरी निघून गेलं. त्या हसल्या नाहीत. शिकत होत्या तेव्हा दहाव्या तासाला पेन्सिल उचलायला वाकल्या होत्या, विमान डाव्या अंगावर गेलं, आणि खाली आल्यावर मी मिस्त्रीदेखत त्यांना असं काही बोललो की त्या वीस मिनिटं बाथरूममधून बाहेर आल्या नाहीत. बाहेर आल्या त्या डोळे लाल करून, आणि थेट विचारलं, उद्या किती वाजता? तेव्हाच मला कळलं होतं की ही पोरगी पुढे जाणार. हवामानाचा अभ्यास करायला त्या माझ्या बायकोच्या ग्रंथालयात बसायच्या. बायको त्यांच्यासाठी बंद व्हायच्या वेळेनंतरही दार उघडं ठेवायची, हे मला पुष्कळ वर्षांनी तिसऱ्याच माणसाकडून कळलं. आज त्यांच्या हातात फळी होती, फळीवर कोरा फॉर्म, आणि फॉर्मवर एक आखूड पेन्सिल. पेन्सिलीच्या टोकावर दातांच्या खुणा होत्या. माझ्या दातांच्या, समोरचा एक अर्धा तुटलेला आहे तो ओळखू येतो. म्हणजे तेव्हाची ती पेन्सिल बाईंनी चौदा वर्षं जपली होती. मी मनात म्हटलं, वा, म्हणजे आज पेन्सिल पडणार. कुणाला शिकवतेस.

वर गेलो तेव्हा सगळं छान झालं. खोटं कशाला बोला, मी चांगला उडवतो. वळणं घेतली, इंजिन मंद करून दाखवलं, कुठल्या शेतात उतरता येईल ते बोटाने दाखवलं, आणि तीन हजार फुटांवर डोकं इतकं मोकळं झालं की मला वाटलं, संपलं, निघून गेलं ते. वर असलो की माझं असंच होतं. घर, भिंत, ओल, मुलगी, सगळं काडेपेटीएवढं दिसतं आणि माणसाला वाटतं आपण त्यातून सुटलो. मग उतरायचं असतं. टॉवरने उतरायची परवानगी दिली, मी धावपट्टीसमोर विमान सरळ केलं, हजार फूट, नऊशे, आठशे, आणि खट्. पेन्सिल पडली. सर, पेन्सिल पडली, जरा देता का, असं बाई म्हणाल्या, अगदी माझ्याच गरीब आवाजात. मी समोर बघत म्हटलं, उतरल्यावर देतो. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. मनातल्या मनात मी स्वतःची पाठ थोपटली आणि माझ्या जबड्याची सगळी गाठ सुटली. आणि तेवढ्यात, सहाशे फुटांवर, बाई वेगळ्याच आवाजात, जिन्यात कुणी भेटल्यावर विचारतो तशा आवाजात म्हणाल्या, "सर, काकू कशा आहेत?"

'उतरल्यावर सांगतो.' एवढंच म्हणायचं होतं. सतरा प्रकरणं ज्याला पाठ आहेत, ज्याने तीनशे माणसांना हे एक वाक्य घोकून घेतलं, तो मी. आणि मी म्हणालो, "खरं सांगू का, मला माहीत नाही." मग माझ्या जिभेला हाड राहिलं नाही. मी सांगितलं की ती आज म्हणाली बोलायचंय आणि मी विचारलंच नाही काय ते. तपासणी कसली होती ते मला माहीत नाही. मुलगी तिच्याशी तासभर काय बोलते ते माहीत नाही. ती दुसऱ्या खोलीत जाते तेव्हा तिथे काय करते ते माहीत नाही, मी कधी बघायला गेलो नाही. मी बाइंडरच्या केसांबद्दल बोललो. घर सोडून गेली तर मला गॅस लावता येईल पण घरात कोण आहे असं कुणी विचारलं तर काय सांगू, असंही म्हणालो. एकोणतीस वर्षांत मी एका दमात इतकं बोललो नव्हतो. आणि इतकं बरं वाटत होतं. कानांतल्या हेडफोनमध्ये आणखी एक आवाज होता, कुणीतरी काहीतरी सांगत होतं, मला वाटलं तो दुसऱ्या कुणाला सांगतोय. "कंट्रोल माझ्याकडे," बाई म्हणाल्या, आणि माझ्या हातावरून हात घालून त्यांनी इंजिनाचा दांडा पुढे रेटला. विमानाने नाक वर केलं. खाली, आमच्या पोटाखालून, धावपट्टीच्या मधोमध गवत कापायचा लाल ट्रॅक्टर गेला. त्यावरच्या माणसाने डोक्यावरची टोपी दोन्ही हातांनी धरली होती आणि तो वर बघत होता. त्याचे डोळे मला दिसले, म्हणजे बघा आम्ही किती खाली होतो. टॉवर मला दोनदा सांगत होता, उतरू नका, वर जा.

पुढची फेरी मी तोंडाला कुलूप लावून मारली आणि आयुष्यातलं सगळ्यात मऊ लँडिंग केलं. चाकं कधी टेकली ते कळलं नाही. त्याचा उपयोग शून्य. बाई फळीवर लिहीत होत्या, पेनाने, कारण पेन्सिल अजून माझ्या पायाशी होती. लक्ष विचलित, टॉवरचे दोन आदेश ऐकले नाहीत, पंधरा दिवसांनी पुन्हा परीक्षा, तोवर शिकवणं बंद. मी विचारलं, तो प्रश्न मुद्दाम विचारलात का? अर्थातच मुद्दाम, त्या म्हणाल्या. पेन्सिल पडणार हे तुम्हाला ठाऊकच होतं, मग दुसरं काहीतरी पाडायला हवंच होतं, हेही तुम्हीच शिकवलंय. मला राग यायला हवा होता. पण त्यांचं बरोबर होतं, आणि ट्रॅक्टरवरच्या माणसाचे डोळे माझ्यासमोरून हलत नव्हते. मी वाकलो, पेन्सिल उचलली आणि त्यांना दिली. दार उघडताना त्या थांबल्या. "प्रश्न खोटा होता, सर. पण उत्तर मी ऐकलंय," त्या म्हणाल्या. "घरी जा." मिस्त्रीने लांबूनच अंगठा वर करून कसं काय विचारलं. मी अंगठा खाली केला. त्याने चहाचा कप ड्रमवर ठेवला आणि माझ्यासाठी दुसरा ओतायला घेतला, पण मी थांबलो नाही.

ग्रंथालय आठवड्यातून एक दिवस बंद असतं, तो आजचा दिवस. मी दुपारी दोनला घरी पोचलो तेव्हा बायको शिडीवर उभी राहून कपाटावरचे खोके खाली काढत होती. दारात मला बघून तिचा चेहरा पांढरा पडला. काय झालं, ती म्हणाली, कुणाला काही झालं का, तुला लागलंय का, आणि शिडीवरून उतरून तिने माझे दंड चाचपले, आधी डावा, मग उजवा, मी विमान तपासतो तसे. मी सांगितलं की कुणाला काही झालेलं नाही, मी नापास झालो. कसा काय, हे विचारल्यावर मी सगळं सांगितलं, ट्रॅक्टरसकट, फक्त बाइंडर वगळला. मग म्हटलं, आलोय लवकर, सांग आता, काय बोलायचं होतं? तिने कपाळावर हात नेला. "अरे हो," ती म्हणाली. "काय बरं होतं?" मला वाटलं थट्टा करतेय. तर नाही, तू असा भरदुपारी दारात उभा, मला वाटलं पाडलंस विमान, डोक्यातून गेलंच बघ, असं म्हणाली. खरंच विसरली की ऐन वेळी धीर गेला, ते मला अजून कळलेलं नाही. नंतर एकदा विचारलं तर नुसती हसली. पण त्या क्षणी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या एका वाक्यापायी मी विमानाला चार फेऱ्या मारल्या, मॅनेजरच्या तरतरीत शिक्षकाला माझी खुर्ची जवळजवळ पुसून दिली, एका निष्पाप माणसाच्या टोपीवरून विमान नेलं, आणि ही विसरली. मी काहीतरी वाकडं बोलणार होतो. पण तिच्या हातात कुठल्याशा खोक्याचं झाकण होतं आणि दुसऱ्या हाताने ती पुन्हा माझा दंड चाचपत होती. मग मला एवढंच सुचलं, जे मला सुचू शकतं. मी म्हटलं, मध्ये खंड पडला की पहिल्या ओळीपासून. तू स्वयंपाकघरात जा, नळ सोड, भांडं घे. मी बूट घालतो.

ती मला वेड्यात काढणार असं वाटलं, पण गेली. मी स्टुलावर बसलो, डाव्या बुटाची नाडी सोडून पुन्हा हातात धरली. नळाचा आवाज आला. बराच वेळ नुसता नळच वाहत होता. मग ती म्हणाली, अगदी सकाळच्याच आवाजात, "संध्याकाळी लवकर ये. बोलायचंय." आणि माझा उजवा हात उठला. शपथेवर सांगतो, मी उठवला नाही. मांडीवरून निघाला, छातीपर्यंत आला, तळवा पुढे वळायला लागला. मी त्याच्याकडे बघितलं. मग मी तो खाली घेतला, मांडीखाली घातला आणि त्याच्यावर बसलो. "काय बोलायचंय?" मी म्हटलं.

नळ बंद झाला. "एकतीस तारखेला मी रिटायर होतेय," ती भिंतीपलीकडून म्हणाली. "दोनदा सांगितलं तुला. दोन्ही वेळा हात वर केलास." मग ती बोलत सुटली, आणि मध्ये भिंत होती तेच बरं झालं, समोर असती तर कदाचित बोलली नसती. चौतीस वर्षं लोकांना गप्प बसा म्हणायची नोकरी केली. दिवसभर तिथे मी सगळ्यांना गप्प बसवते आणि घरी आले की तू मला गप्प बसवतोस. तिथे निदान येणारी जाणारी चार तोंडं तरी दिसतात. आता तेही नाही. तपासणी झाली ती कानाची होती, मला वाटायला लागलं होतं की मलाच ऐकू येईनासं झालंय, तर डॉक्टर म्हणाले कान ठणठणीत आहेत. "मला भीती वाटते रे," ती म्हणाली. "या घरात मी मुकी होईन." आणि काय सांगू, इतक्या सगळ्यातही माझ्या तोंडून जे निघालं ते हे, की आणि बाइंडर? ती दारात आली, हात ओले, चेहऱ्यावर नुसतं आश्चर्य. "बाइंडरचं काय? त्याला बिचाऱ्याला जन्मापासून ऐकू येत नाही," ती म्हणाली. "पण मी बोलायला लागले की हातातलं काम खाली ठेवतो आणि माझ्याकडे बघतो. म्हणून त्याच्याशी बोलते. त्या दिवशी मी त्याला म्हणत होते, की—"

फोन वाजला. माझा, खिशातला. डाव्या हाताने काढून पाहिला, क्लबाचा नंबर होता, मॅनेजर असणार. फॉर्म त्याच्या टेबलावर पोचला असणार आणि तो तरतरीत शिक्षक त्याच्या समोर बसला असणार. न उचलला तर त्याला निमित्तच मिळालं असतं. बायको बोलायची थांबली होती. मी हात वर केला नव्हता, हात माझ्या मांडीखाली होता, तरी ती थांबली होती, तोंड मिटून, डोळे दुसरीकडे करून, आणि दुसऱ्या खोलीकडे एक पाऊल वळलंही होतं. हे मी एकोणतीस वर्षं पाहिलं नव्हतं, कारण अशा वेळी मी फोनकडे बघत असायचो. घे की, ती म्हणाली. मी घेतला नाही. तो वाजत राहिला, थांबला, परत वाजला. मग एकदाचा गप्प झाला. ती म्हणाली, घ्यायचास, कामाचा असेल. हं, तर काय म्हणत होते मी, जाऊ दे, काही विशेष नव्हतं.

"मध्ये खंड पडला," मी म्हटलं. "पहिल्यापासून सांग."

कुठल्या पहिल्यापासून, तिने विचारलं. मी म्हटलं, तुला वाटेल त्या. तिने संशयाने माझ्याकडे पाहिलं, मग ती साडीला हात पुसत समोरच उंबऱ्यावर बसली. विचार करू लागली. मला वाटलं बाइंडरपासून सुरू करेल, फार तर गेल्या महिन्यापासून. "लग्नानंतरच्या चौथ्या दिवशी," ती म्हणाली, "तू मला धावपट्टी दाखवायला घेऊन निघाला होतास. गाडीत मी तुला काहीतरी सांगत होते." मला गाडी आठवली, रस्ता आठवला, ती काय सांगत होती ते आठवेना. पंधरा दिवस हातात होते, एकोणतीस वर्षं उरकायची होती, म्हणजे दिवसाला जवळजवळ दोन वर्षं, असा हिशेब मी मनात करत होतो आणि एकीकडे उजवा बूट काढायला त्याची नाडी सोडत होतो.

"तुझं लक्ष आहे ना?" तिने विचारलं.

"आहे," मी म्हटलं, आणि हातातली नाडी खाली ठेवली.